साडूच्या इंजिनाचं तोंड

आमच्या ह्यांच्या पोटात दुखायला लागलं ते एका व्हिडिओमुळे. माझ्या धाकट्या बहिणीनं, प्रियंकानं, तो घरच्या ग्रुपवर टाकला होता. शिरड शहापूरच्या मोकळ्या रानात तिच्या नवऱ्याचं, सोमेश्वररावांचं, नवं विमान उडत होतं. खेळण्यातलं म्हणाल तर खेळण्यातलं, पण पंख एवढे मोठे की दारातून तिरपं करून न्यावं लागतं. ते जमिनीवरून सुटलं आणि नाक वर करून सरळ चढत गेलं. खोकणं नाही, थकणं नाही. खाली प्रियंका टाळ्या वाजवत होती. तिच्या टाळ्या मला लहानपणापासून सहन होत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

ह्यांनी व्हिडिओ पाहिला, परत पाहिला, मग फोन नुसता कानाला लावून ऐकला.

"ऐकलं का?" मला म्हणाले.

"काय ऐकू? भुर्रर्र करून राहिलंय."

"थुंकत न्हाई," हे म्हणाले. "चढावर बी थुंकत न्हाई."

आणि ताटावरून उठले. भाकरी तशीच अर्धी.

हे थुंकणं काय, ते आधी सांगते, कारण आमच्या घरात त्यावर जेवढं बोललं गेलं तेवढं लेकरांच्या शाळेवरही कधी बोललं गेलं नाही. आमचं कळमनुरीत नांदेड रोडला फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. पाठीवर घ्यायचे पेट्रोलचे पंप असतात, त्यातलं भंगारात निघालेलं एक इंजिन ह्यांनी विमानाला बसवलं. पंपावर असताना त्या इंजिनाच्या हवेच्या तोंडावर एक डबी असते, आत गाळणी. विमानाला ती डबी आडवी येते, म्हणून काढावी लागते. डबी निघाली की कार्बोरेटरचं तोंड उघडं पडतं, आणि इंजिन जोरात फिरायला लागलं की ते तोंड आत ओढलेलं पेट्रोल तुषारासारखं उलटं बाहेर टाकतं. त्यालाच हे थुंकणं म्हणतात. आत जळायचं ते बाहेर जातं, पंख पेट्रोलनं चिकट होतात आणि ऐन चढावर इंजिन दम टाकतं. म्हणून आमचं विमान कधी सरळ चढलंच नाही. घाटातल्या मालगाडीसारखं वळणं घेत घेत वर जायचं.

पण जायचं, आणि तेवढ्यावर ह्यांचा मान होता. माझं माहेर कुरुंद्याचं. दसऱ्याला गावदेवीची पालखी शिलंगणाला शिवेवर जाते. सहा वर्षांपूर्वी माझे वडील संपतराव ह्यांना सहज म्हणाले, "जावईबापू, तुमच्या विमानातून देवीवर फुलं पडतील का?" ह्यांनी विमानाच्या पोटाला एक डबा बसवला, त्याला उघडतं झाकण. पालखी शिवेवर टेकली की वरून झेंडूच्या पाकळ्यांचा सडा. बाया हात जोडायच्या, म्हातारी माणसं टोप्या सावरत वर बघायची. तेव्हापासून दर दसऱ्याला ते काम ह्यांचंच. वर्षभर ह्यांना कोणी विचारलं नाही तरी चालायचं, तो एक दिवस पुरायचा. मलाही पुरायचा, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी गावात मी संपतरावांची थोरली नसायची, विमानवाल्या भागवतरावांची बायको असायची.

आणि सोमेश्वरराव हे सगळं ह्यांच्याकडूनच शिकलेले. लग्न झाल्यावर पहिल्याच दसऱ्याला ते ह्यांच्या मागं मागं फिरले. पंख कसा तोलायचा, शेपटीला किती कोन द्यायचा, रिमोटवर अंगठा किती हलका ठेवायचा, सगळं ह्यांनी कौतुकानं दाखवलं. तेव्हा साडू शिकतोय म्हणून छाती फुगली होती. आता तोच साडू पुढं निघाला, तर ह्यांच्या अंगाचा तिळपापड.

प्रियंकानं मग एक फोटो टाकला, इंजिनाचा, जवळून. कशाला टाकला ते मला चांगलं माहीत आहे. त्यात दिसलं की कार्बोरेटरच्या तोंडावर एक बोटभर लांबीची चकचकीत नळी बसवलीय आणि तिचं टोक धोतऱ्याच्या फुलासारखं बाहेर पसरलंय. खाली तिनं लिहिलं होतं, 'जुन्या पिस्टनमधून ह्यांनी स्वतः लेथवर कातून घेतलं.' ह्यांनी तो फोटो दोन बोटांनी इतका मोठा केला की शेवटी नुसते ठिपके राहिले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराला उतरती कळा लागली. आधी तेल ओतायचं नरसाळं गेलं. त्याचं बूड कापून ह्यांनी ते कार्बोरेटरवर चिकटवलं. इंजिन सुरू झालं, जरा गुरगुरलं, आणि पेट्रोलनं जोड विरघळून नरसाळं खाली पडलं. मग शाम्पूच्या बाटलीची मान. मग लेकीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण. मग एक पितळी निरांजन उचललं, तेव्हा मात्र मी हात धरला.

"देवाचं हाय ते."

"देवाच्याच कामाला जाऊन राहिलं."

"देवाच्या न्हाई, साडूच्या कामाला. ठेवा खाली."

शेवटी त्यांनी ॲल्युमिनियमची एक नळी चकतीवर ठोकून, चकती स्क्रूनं आवळून बसवली. दिसायला अगदी फोटोतल्यासारखी. इंजिन सुरू झालं आणि रिमोटचा अंगठा वर नेला की बंद. परत सुरू, परत बंद. हे दोन दिवस त्याच्यापुढं बसून होते. मग कळलं की कार्बोरेटरच्या तोंडाशेजारी सुईनं पाडल्यासारखं एक बारीक भोक असतं, त्यातून आतला रबरी पडदा श्वास घेतो, आणि ह्यांच्या चकतीनं नेमकं तेच बुजवलेलं. चकतीला भोक पाडायला गेले तर चकतीच फाटली.

मी म्हटलं, "अहो, एक फोन करा सोमेश्वररावाला. माप विचारा. सांगल तो."

"मी? त्याला विचारू?"

"त्यानं न्हाई का विचारलं तुमाला?"

"तवा तो शिकून राहिला व्हता. मी काय शिकाऊ हाय?"

म्हणून मीच प्रियंकाला फोन लावला. हवापाण्याचं बोलले, मग हळूच नळीवर आले. ती म्हणाली, "अगं ताई, मला त्यातलं काय कळतंय? पण दाजींना म्हणावं एवढ्या लहान गोष्टीचा तरास करून घेऊ नगा." लहान गोष्ट! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. फोन ठेवल्यावर मी ह्यांना म्हटलं, काही झालं तरी आता मागं हटायचं नाही. म्हणजे बघा, एका घरात आता दोघं जळत होतो.

त्यात धोंड्याचा महिना आला. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो आणि त्यात जावयांना बोलावून धोंडे जेवू घालायचे, तेहतीस अनारशांचं ताट वाण द्यायचं. वडिलांचा फोन आला.

"भागवतराव, दोघंबी जावई एकाच दिशी या. अन् विमानं घेऊन या. हळद काढलेलं रान रिकामंच हाय. दोन्ही उडवून दाखवा. जे बराबर चढल, तेच दसऱ्याला."

ह्यांनी "व्हय आबा" म्हटलं आणि फोन ठेवून इंजिन पुढ्यात ओढलं. सहा दसरे केलेल्या माणसाला आता परीक्षा. मला वडिलांचा राग आला आणि ह्यांची कीवही आली, पण दोन्ही दाखवून उपयोग नव्हता. कार्बोरेटरचं तोंड उघडंच राहिलेलं, आणि रानात धूळ. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी माझी चहाची गाळणी कापून तिची जाळी त्या तोंडावर ताणून बसवली. एवढीच काय ती सुधारणा.

कुरुंद्याला पोचलो तर प्रियंका आणि सोमेश्वरराव आधीच हजर. त्यांचं विमान ओसरीत पांढऱ्या चादरीवर ठेवलेलं, इंजिनाच्या त्या फुलावर निळं झाकण घातलेलं, तान्ह्या लेकराला कुंची घालावी तसं. सोमेश्वरराव मोठे टापटिपीचे. इंजिनाच्या फटीसुद्धा दात घासायच्या ब्रशनं पुसणारे. ह्यांनी आपलं विमान चादरीच्या बाहेर, फरशीवर ठेवलं.

माझ्या आईनं, जनकाबाईनं, जावयांचे पाय धुतले, पाट मांडले. पहिला पाट थोरल्या जावयाचा, तिथं हे बसले तेव्हा त्यांचा चेहरा जरा उजळला. पण मग तूप वाढताना हे धारेकडे बघायला लागले, कुणाच्या धोंड्यावर जास्त पडतंय म्हणून. मी दारातून डोळे वटारले. सोमेश्वररावही हळूच तेच बघत होते, हे तेव्हा मला गमतीचं वाटलं. आईला दोघांचं कळलं असावं, कारण तिनं मग दोघांच्या ताटात तूप तरंगेपर्यंत ओतलं.

उन्हं उतरल्यावर सगळे रानात गेलो. हळद निघून गेलेलं सपाट रान, एका कडेला हळद शिजवायची डेग पालथी घातलेली. वारा होता, पण फार नाही. आबा सोमेश्वररावांच्या विमानापाशी वाकले. सोमेश्वररावांनी निळं झाकण काढून खिशात टाकलं.

"ह्ये काय फूल लावलंय म्हणायचं?" आबांनी विचारलं.

"आबा, इंजिन उलटं फेकतं ना, ते ह्या नळीत थांबतं. अन् पुढच्याच दमाला परत आत जातं. तोंड पसरट हाय म्हून हवा न अडखळता सरकती."

"वा! डोकं हाय बरं," आबा म्हणाले.

हे चार पावलांवर उभे राहून आभाळ बघत होते. आभाळात काहीच नव्हतं. पण ऐकत होते ते प्रत्येक शब्द. सहा वर्षांत आबांनी ह्यांना 'बरं उडतंय' च्या पुढं काही म्हटलेलं नव्हतं.

तेवढ्यात आई ताट घेऊन आली. हळद, कुंकू, ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता. आमच्याकडं नवा ट्रॅक्टर येवो की पिठाची गिरणी, कुंकू लावल्याशिवाय चालू करत नाहीत. आईनं दोन्ही विमानांना बोटं लावली आणि इंजिनावर अक्षता टाकल्या. आमच्या इंजिनावरच्या जाळीवर दाणे थबकले, ह्यांनी फुंकर मारून उडवले. मग ह्यांची नजर सोमेश्वररावांच्या इंजिनावर गेली आणि त्या पसरट तोंडापाशी खिळून राहिली. मला वाटलं, नेहमीसारखं जळणं चाललंय.

आधी आमचं विमान उडालं. वळणं घेत, थुंकत, खोकत चढलं, आबांच्या डोक्यावरून फिरलं आणि खाली आलं. उतरणं मात्र असं हलकं की धूळसुद्धा उठली नाही. ह्यांच्या अंगठ्यात काहीतरी आहे, ते मला मान्य करावंच लागतं. प्रियंकानं टाळ्या वाजवल्या, थोड्या.

मग सोमेश्वरराव आपल्या इंजिनापाशी बसले. पेट्रोल ओढून घ्यायला त्यांनी तळहात त्या तोंडावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं पंखा फिरवला. हात काढला, हाताकडं पाहिलं, तोंडात पाहिलं. जरा थांबले. मग हात पँटवर पुसून उठले आणि रिमोट घेऊन थेट ह्यांच्यासमोर आले.

"साडूभाऊ, पहिलं उड्डाण तुमच्या हातानं. थोरल्याचा मान."

आबा खूश झाले. "ह्याला म्हणतात संस्कार," म्हणाले.

ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. हात पुढं होईना. "नगं... तुमचं तुमीच उडवा," असं काहीतरी पुटपुटले.

"काहून? थोरल्या जावयानं न्हाई म्हणू नये," आबा म्हणाले.

ह्यांनी रिमोट घेतला. सोमेश्वररावांनी पंख्याला हिसका दिला, इंजिन लागलं. विमान पळालं आणि सुटलं, आणि बाई, काय चढलं ते! नाक वर, सरळ, आवाजात एक खड्डा नाही. मी ह्यांच्याकडं पाहिलं. तोंड उघडं, डोळे लकाकलेले. आयुष्यभर जे मागितलं ते दुसऱ्याच्या नावानं हातात आलं की माणूस कसा दिसत असेल, तसे दिसत होते. मला त्या क्षणी सोमेश्वररावांचा इतका राग आला की काय सांगू.

वर गेल्यावर ह्यांनी अंगठा खाली घेतला. इंजिनाचा आवाज कमी झाला नाही. पार खाली घेतला. तसाच आवाज.

"पत्ती मिटून न्हाई राहिली," हे ओरडले. "आतली पत्ती अडकली!"

कार्बोरेटरच्या नळीत एक गोल पत्ती असते, ती उघडली की इंजिन जोरात, मिटली की मंद. ती मिटलीच नाही तर इंजिन बंद करायला दुसरा उपाय त्या विमानात नव्हता. विमान पूर्ण जोरात सुटलेलं. एकदा आंब्यांवर गेलं, एकदा रस्त्यावरच्या ट्रॅक्टरकडं वळलं, एकदा आमच्याच डोक्यावरून असं गेलं की प्रियंका किंचाळून खाली बसली. तिला तशी बसलेली पाहून मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. हे घामानं भिजले होते. नुसते अंगठे हलत होते. विमान रानावरच राहील असं गोल गोल फिरवत राहिले, पेट्रोल संपेपर्यंत.

आवाज एकदम थांबला. आता विमान नुसतं तरंगत खाली. ह्यांनी ते वाऱ्यावर वळवलं, बांधाच्या वरून अलगद काढलं आणि रानात टेकवलं. एक चाक मोडलं, बाकी काही नाही. आबांनी ह्यांची पाठ थोपटली. "भागवतराव, तुमी व्हतात म्हून वाचलं!" सहा वर्षं ज्या शाबासकीची वाट पाहिली ती ही. ह्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, लाजले.

सोमेश्वररावांनी रुमाल पसरला, बारीक पान्यानं कार्बोरेटर सोडवला आणि उलटा करून ठोकला. रुमालावर लाल ठिपका पडला. तांदळाचा दाणा, कुंकवानं माखलेला, पत्तीच्या सांदीत दाबून चपटा झालेला. मग आणखी एक.

"अगं बाई," आई म्हणाली. "माझ्याच हातचा."

"माय, तुला कोण सांगितलं व्हतं इंजिनाच्या तोंडात अक्षता टाकायला!" प्रियंका तिच्यावर घसरली. "कुणाच्या डोस्क्यात गेलं असतं म्हंजी?"

"बायकांना काय समजतंय," आबा म्हणाले. "ह्याच्यापुढं यंत्राला हात लावायचा न्हाई."

 हातातल्या ताटातल्या उरलेल्या अक्षता आईनं मातीत ओतल्या, ताट पालथं धरलं आणि डेगीपाशी जाऊन बसली. साठीच्या पुढची बाई. पहाटे उठून दोघा जावयांसाठी पुरण वाटलेलं. पदरानं ताट पुसत होती, पुसलेलंच परत पुसत होती.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. आता बोलतील, म्हणतील की आईचा काय दोष, चुकून पडलं. हे बोलेनात. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. माझा नवरा माती कधी उकरतो ते मला ठाऊक आहे. आणि मग मघाची ती नजर आठवली. हे त्या फुलाकडं जळून बघत नव्हते. फुलात बघत होते.

मी सोमेश्वररावांकडं वळले. ते रुमालाची घडी घालत होते, आणि त्यांच्या पांढऱ्या पँटवर, मांडीवर, तळहाताएवढा लाल डाग होता. मघाशी त्यांनी हात पुसला होता तो.

मग माझं डोकं फिरलं.

"अहो, तुमी बघितले व्हते ना हे दाणे?" मी ह्यांना विचारलं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

"पुनम..."

"व्हय का न्हाई?"

"व्हय," हे म्हणाले. "मला वाटलं, खालीच बंद पडल. उडणारच न्हाई. म्हटलं, कळू दे जरा त्या नळीची किंमत."

"ऐका!" प्रियंका फणकारली. "ऐका दाजींचं!"

"तू थांब," मी म्हटलं. "सोमेश्वरराव, मांडीला काय लागलंय?"

त्यांनी खाली पाहिलं. डागावर हात ठेवला. टापटिपीचा माणूस, पण डाग हाताखाली मावेना.

"तळहाताला कुंकू लागलं, दाणा चिकटला, तोंडात बी बघितलं तुमी. माझ्या डोळ्यादेखत. अन् मग रिमोट ह्यांच्या हातात दिला. थोरल्याचा मान म्हून!"

 मग सोमेश्वरराव बारीक आवाजात म्हणाले, "मला बी वाटलं, खालीच बंद पडल. साडूभाऊंच्या हातात बंद पडलं तर... माझं विमान कसंबी चढू द्या ताई, उतरवताना लोक म्हणतात, भागवतरावांसारखं न्हाई. दर वेळी. शिरडात बी म्हणतात."

ह्यांनी झटकन वर पाहिलं. "शिरडात म्हणतात?" असं विचारलंच त्यांनी. अशा वेळी! मी कपाळावर हात मारून घेतला.

आई उठून आली. आवाज चढवला नाही तिनं.

"पोटभर जेवलात माझ्या हातचं," ती म्हणाली. "अन् त्याच हाताला बोल लागून राहिला, तवा दोघंबी गप उभं राहिलात."

दोघं तिच्या पाया पडायला वाकले. तिनं पाय मागं घेतले. जावयांनी सासूच्या पाया पडायचं नसतं असं नाही, पण तिनं घेतले.

"आता ह्यांचं विमान दसऱ्याला बंद," आबा म्हणाले. "दोघांचं बी."

"बंद काहून?" आई म्हणाली. "दोन्ही उडतील. ह्याचं त्यानं उडवायचं अन् त्याचं ह्यानं. मी दोन्हींना कुंकू लावीन, अन् एकानं दुसऱ्याच्या इंजिनात बघून सांगायचं, साफ हाय का न्हाई."

"असं कुठं असतंय?"

"असतंय," आई म्हणाली आणि ताट उचलून घराकडं चालू लागली.

त्यानंतरचे चार महिने आमच्याकडं वेगळाच तमाशा झाला. सोमेश्वरराव स्वतः कळमनुरीला आले. गावासमोर मला थुंकणारं विमान उडवायचं नाही म्हणाले, आणि माप घेऊन, त्या बारीक भोकाला वाट ठेवून, ह्यांच्या इंजिनाला तसलीच नळी बसवून गेले. माझी गाळणी परत मिळाली, पण ती आता गाळणी राहिली नव्हती. ह्यांनी त्यांच्या विमानाला आपल्यासारखाच फुलांचा डबा बसवला, पंख तोलले, शेपटीचा कोन बदलला, कारण उतरवताना माझं नाव जायला नको म्हणे. दोघं फोनवर तासतास बोलायचे, भांडल्यासारखे. प्रियंका आणि मी अजून नीट बोलत नव्हतो. ती म्हणायची मी तिच्या नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडलं. मी म्हणायची, माझ्या नवऱ्याला मी आधी पाडलं, ते नाही दिसलं का?

दसऱ्याला पालखी शिवेवर आली. आईनं दोन्ही इंजिनांना कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. दोघांनी एकमेकांच्या इंजिनात वाकून पाहिलं, फुंकलं, "साफ हाय" म्हटलं. माणसं हसली. दोघांच्या हातात एकमेकांचे रिमोट. दोन्ही विमानं सुटली आणि दोन्ही सरळ चढली.

मी ह्यांच्या शेजारी उभी होते. ह्यांचे अंगठे साडूचं विमान चालवत होते आणि डोळे आपल्या विमानावर होते. ते वर गेलं, हलकं वळलं, आवाज एकसारखा.

"बघ काय चढून राहिलं," हे म्हणाले.  "माझ्या हातात एकदा बी चढलं न्हाई असं. सहा वर्षं सांभाळलं मी, अन् चढलं त्याच्या हातात."

"तुमच्या हातात त्याचं बी चढलंच की."

"त्याचं काय," हे म्हणाले. "त्याचं चढणारच."

पलीकडं सोमेश्वरराव मान वाकडी करून आपल्या विमानाकडं बघत होते. ह्यांनी ते वळवलं की त्यांचे ओठ दाबले जायचे. ढोल वाजला, पालखी टेकली, आबांनी हात वर केला. दोघांनी बटणं दाबली. दोघांपैकी एकाचीही नजर हातातल्या विमानावर नव्हती. ह्यांच्या पाकळ्या शेजारच्या तुरीत पडल्या. सोमेश्वररावांच्या पाकळ्या ढोलवाल्यांच्या पलीकडं, बांधाच्या गवतात. पालखीवर एक पाकळी नाही.

 आबांचा हात तसाच वर राहिला. आई तुरीच्या ओळीत शिरली, वाकून वाकून पाकळ्या पदरात वेचल्या आणि येऊन आपल्या हातानं देवीवर वाहिल्या. मी आणि प्रियंका एकदमच तिच्या मदतीला गेलो. परत वळून पाहिलं तर हे दोघं अजून वरच बघत होते.